बर्फ वाजेपर्यंत

आमच्या आरोग्य केंद्रात कुणी निवृत्त व्हायला आलं की त्याच्याबद्दल दोनच शब्द बोलायची पद्धत आहे. एक 'सेवाभावी' आणि दुसरा 'मनमिळाऊ'. गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या हेडक्लार्कने दर सोमवारी कुणाशी ना कुणाशी भांडण उकरून काढलं होतं. निरोपाच्या दिवशी तोही सेवाभावी आणि मनमिळाऊ ठरला. पुढच्या महिन्यात थांबाताई निवृत्त होतायत. त्यांनाही हेच दोन शब्द चिकटवले जाणार आणि मला ते ऐकवणार नाही. ताई मनमिळाऊ अजिबात नाहीत. त्यांनी मला बावीस वर्षं छळलंय. म्हणून मी आधीच लिहून ठेवतोय.

मी केंद्राचा स्टोअरकीपर. गोळ्या, सुया, कापूस, बँडेज, वजनकाटे आणि लसींचे दोन फ्रीज माझ्या ताब्यात. मला स्वच्छतेचं वेड आहे, हे इथेच कबूल करतो, कारण पुढे जे घडलं ते त्या वेडापायी घडलं. माझ्या खोलीची फरशी पांढरी आहे. तिच्यावर पाण्याचा थेंब दिसला की माझं डोकं फिरतं. आमची ही म्हणते, "तुम्ही माझ्याऐवजी त्या फरशीशीच लग्न करायला हवं होतं."

ताई आमच्या केंद्राच्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका. नर्स म्हटलं की लोकांना खाटा, सलाइन आणि पांढरे पडदे आठवतात. ताईंकडे यातलं काहीच नाही. खांद्याला एक पिशवी, दुसऱ्या खांद्याला लसीचा डबा आणि पायात झिजलेले बूट. सकाळी नव्या बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, तिथून क्षयाच्या पेशंटकडे जाऊन त्याला समोर गोळी गिळायला लावायची, मग कुणा म्हाताऱ्याच्या पायाची जखम धुवायची, मग शाळेत जाऊन पोरांचे डोळे तपासायचे. आजारी माणूस दवाखान्यात येतो, हे ताईंना कधी पटलंच नाही. दवाखान्यानेच उठून त्याच्याकडे जायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

'थांबा' हा त्यांचा आवडता शब्द, म्हणून आम्ही त्यांना थांबाताई म्हणतो. लस टोचली की आईने मूल उचलून निघायचं नाही, अर्धा तास थांबायचं. रक्तदाब मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प थांबायचं. गोळी गिळली की लगेच 'झालं' म्हणायचं नाही. थांबा, आ करा, जीभ वर करा. एका क्षयाच्या पेशंटने गोळी गालात दडवली होती, ती ताईंनी गप्पा मारता मारता सव्वा तास थांबून त्याला गिळायला लावली. तो आज ट्रक चालवतो आणि त्यांना बघितलं की लांबूनच तोंड उघडून दाखवतो.

हा थांबण्याचा गुण वडिलांकडून आलेला. वडील रेल्वेच्या फाटकावर होते. फाटक पडलं की दोन्ही बाजूंनी शिव्यांचा पाऊस, आणि वडील हातात हिरवं निशाण धरून शांत उभे. ताई लहानपणी त्यांना डबा द्यायला जायच्या. "बाबांना किती बोलायचे लोक," त्या एकदा मला म्हणाल्या, "पण बाबांच्या फाटकात एकही माणूस मेला नाही." पुढे लग्न ठरलं तेव्हा प्रशिक्षणाची परीक्षा राहिली होती, तर त्यांनी नवऱ्यालाही सात महिने थांबवलं. नवरा सायकली दुरुस्त करतो. गरीब माणूस थांबला. अजूनही संध्याकाळी दुकानाच्या दारात ताईंची वाट बघत थांबलेलाच असतो.

आमचं दोघांचं भांडण बर्फावरून. लसीच्या डब्यात बर्फ लागतो. त्यासाठी पाणी भरून गोठवलेल्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या असतात, त्यांना आम्ही आईसपॅक म्हणतो. उन्हाने लस खराब होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण काही लसी गोठल्या तरीही कामातून जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फ्रीझरमधून काढलेला आईसपॅक दगड असतो. तो तसाच डब्यात घातला तर शेजारची लस गोठते. म्हणून पॅक आधी टेबलावर मांडून ठेवायचे. त्यांना घाम फुटतो, आत थोडं पाणी सुटतं, आणि कानाशी धरून हलवलं की बर्फ खुळखुळ वाजतो. वाजला की मगच डबा भरायचा. याला अर्धा तास लागतो, कधी पाऊण. आणि तेवढ्या वेळात टेबलावरून पाण्याचे ओघळ येतात ते थेट माझ्या फरशीवर.

"भाऊ, बर्फ वाजला?" ताई दारातून विचारायच्या.

"वाजेल हो. बर्फ आहे तो, बँड नव्हे."

"मग थांबते."

असं म्हणून स्टुलावर बसायच्या आणि प्रत्येक पॅक स्वतःच्या कानाला लावून बघायच्या. माझ्या शब्दावर विश्वास म्हणून नाहीच. मी फडकं घेऊन त्यांच्या पायांशी पुसत राहायचो.

आता वस्तीबद्दल सांगतो. गोदामांच्या मागे दीडेकशे घरांची वस्ती आहे. हमाल, ट्रक धुणारे, खोकी बांधणाऱ्या बायका. आत जायला एकच गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी एक लोखंडी खुर्ची. खुर्चीत एक आजी बसते. तिला ओलांडून आत मांजरही जात नाही. ताई तिथे पहिल्यांदा गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्याही आधी कधीतरी एक पथक तिथे गेलं होतं आणि तासाभरात शंभर पोरांना टोचून निघून गेलं होतं. त्यात आजीच्या नातवाचा दंड सुजला, तीन दिवस ताप होता. तसं काही विशेष नव्हतं, पोर बरं झालं. पण त्या तीन दिवसांत कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून आमच्या खात्याचं तिथलं नाव 'टोचून पळणारे'. पुढे जो कोणी गेला त्याला आजीने खुर्चीतून न उठता परत पाठवलं.

ताईंनाही पाठवलंच. ताई गेल्या नाहीत. त्यांनी एक रिकामं खोकं उलटं केलं आणि खुर्चीशेजारी बसल्या. दर मंगळवारी जायच्या, दोन तास बसायच्या, यायच्या. "तुमचा रक्तदाब बघू का?" असं एकदा विचारलं तर आजी म्हणाली, "माझं रक्त माझ्या अंगात आहे. तुला काय करायचंय बघून?" असे चार महिने गेले. मग एके दिवशी ताईंच्या लक्षात आलं की आजी पायाचा अंगठा पदराखाली लपवतेय. साखरेचं दुखणं, अंगठा काळा पडत चाललेला. ताई त्या दिवसापासून सात आठवडे रोज गेल्या. रोज जखम धुतली, रोज पट्टी बदलली. अंगठा वाचला. आठव्या आठवड्यात आजीने गल्लीत हाक मारली, "अगं ए, पोरं आणा गं बाहेर. ही पळणारी नाही."

पळणारी नाही, हे ताईंनी पुढेही दाखवलं. मंगळवारी लस टोचायची आणि बुधवारी परत जायचं, टोचलेल्या प्रत्येक घरी. ताप आला का, दंड सुजला का, पोर दूध पितंय का. बुधवारची फेरी आमच्या कुठल्याच नियमात नाही. ती ताईंची. सात वर्षांत एकही बुधवार चुकला नाही, आणि सात वर्षांत वस्तीतली चार घरं सोडली तर सगळी पोरं खुर्चीपाशी यायला लागली.

आणि मग चार वर्षांपूर्वीचा तो मंगळवार.

त्या दिवशी आमच्या मोठ्या मॅडम तपासणीला येणार होत्या. मॅडम म्हणजे आरोग्य अधिकारी, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण त्यांनी भुवई वर केली की मी बसल्या जागचा उठून उभा राहतो. मी सकाळी सातला येऊन फरशी अशी घासली होती की तोंड दिसावं. ताईंचा पत्ता नव्हता. वाटेत एक तीन दिवसांचं बाळ दूध ओढत नव्हतं, तिथे त्या अडकल्या होत्या. साडेनऊ झाले. मॅडम दहाला येणार. टेबलावर बर्फ मांडला की दहाला फरशीवर तळं. मी पॅक फ्रीझरमधून काढले आणि दगड होते तसेच डब्यात घातले, मधे पाच बाटल्या लस, वर झाकण, कडी. डोक्यात एकच विचार, फरशी कोरडी.

पावणेदहाला ताई धापा टाकत आल्या. "भाऊ, बर्फ वाजला?"

"वाजला," मी म्हणालो.

त्यांनी डब्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. वस्तीत बायका खोळंबल्या असणार. डबा खांद्याला लावला आणि निघाल्या. बावीस वर्षांत तेवढ्या एका दिवशी त्यांनी झाकण उघडलं नाही.

मॅडमनी माझ्या फरशीचं कौतुक केलं. दिवसभर मी हवेत होतो.

चारला ताई परतल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. अडतीस मुलांना टोचून झालं होतं. चार बाटल्या वापरलेल्या, पाचवी बंद. ती त्यांनी माझ्यासमोर ठेवली. बाटलीच्या एका बाजूचं लेबल सोलून निघालं होतं. सोललेला तुकडा आईसपॅकला चिकटून बसला होता. वाटेत सगळं गोठलं होतं, आणि टोचायच्या वेळेपर्यंत वितळलं होतं, म्हणून हाताला कळलं नाही.

"भाऊ," ताई म्हणाल्या, "बर्फ वाजला होता?"

मी फरशीकडे बघत राहिलो. उत्तर त्यांना मिळालं.

तरी त्यांनी निकाल लगेच दिला नाही. थांबल्या. ताडून बघायला त्याच खोक्यातली दुसरी एक बाटली मुद्दाम फ्रीझरमध्ये ठेवली. बुधवारी सकाळी ती बाहेर काढून वितळवली, मग ती आणि कालची पाचवी, दोन्ही बाटल्या एका मुठीत धरून जोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. चांगली लस बराच वेळ दुधासारखी गढूळ राहते. गोठून वितळलेली असेल तर वर निवळ पाणी आणि तळाला पांढरा गाळ, तोही झटकन. आम्ही दोघं डोळे लावून बसलो. अर्धा तास लागलाच नाही. दोन्ही बाटल्यांत सारखाच गाळ खाली बसला.

अडतीस पोरांना आम्ही नुसतंच टोचलं होतं. अपाय होण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण उपयोगही शून्य. आणि ही लस ज्याच्यासाठी असते त्या डांग्या खोकल्याचे शेजारच्याच भागात दोन पेशंट निघाले होते.

"ताई," मी म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही, मी आणि या दोन बाटल्या. कुणाला कळणार आहे? पुढच्या महिन्यात पुढचा डोस आहेच."

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. त्यांनी रजिस्टर उघडून माझ्याकडे फिरवलं. अडतीस नावं, अडतीस खुणा. "यातली एक तरी खूण खरी आहे का, सांगा."

आम्ही मॅडमकडे गेलो. मॅडम आधी भडकल्या, ते बरोबरच होतं. मग थंड डोक्याने म्हणाल्या, "अडतीस जणांना परत टोचा. पण वस्तीत खरं सांगू नका. एक जादा डोस आलाय म्हणा. खरं सांगितलंत तर ती वस्ती पुन्हा बंद होईल, आणि ती बंद झाली तर मंगळवारचं सत्रच बंद होईल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

"मॅडम," ताई म्हणाल्या, "खरं सांगून आले नाहीत तर मी रोज जाऊन बसेन. खोटं सांगून आले तर मला तिथे बसायला जागाच उरणार नाही."

मॅडमनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाल्या, "एक आठवडा देते."

बुधवार होताच. फेरीला जायचंच होतं. मी बरोबर गेलो, का ते मलाही सांगता येत नाही. बहुतेक चोराच्या मनात चांदणं. खुर्चीपाशी बायका जमल्या. ताई खोक्यावर न बसता उभ्या राहिल्या.

"काल तुमच्या मुलांना जी लस टोचली ती खराब झाली होती," त्यांनी सांगितलं. "मुलांना काही होणार नाही, पण त्या लसीचा काही उपयोगही नाही. परत टोचावी लागेल. चूक माझी आहे. डबा उचलायच्या आधी बर्फ कानाला लावून बघायचा असतो. मी बघितला नाही."

जुळ्यांची आई पुढे आली. एका कडेवर एक, दुसऱ्या कडेवर दुसरं. "म्हणजे माझी दोघं काल उगीचच रडली?"

"हो."

"एकाचा दंड अजून दुखतोय."

"बघू दे मला."

"नको." तिने कंबरेला खोचलेली लसीची दोन कार्डं काढली आणि ताईंच्या हातात कोंबली. "ही तुमची तुम्हीच ठेवा."

मग आणखी चौघींनी कार्डं दिली. आजी सगळं ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "जा आता." आत एकेक दार लागल्याचा आवाज येत होता. सात वर्षांची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर बंद होत होती, आणि ती बंद करणारा मी गर्दीच्या मागे उभा होतो.

परतताना मी विचारलं, "ताई, माझं नाव का नाही घेतलंत?"

"डबा माझ्या खांद्यावर होता, भाऊ."

रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या आवाजात बोलल्या, हेच मला लागलं.

घरी गेलो. जेवण जाईना. आमच्या हीने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर पडलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्या पुढे उभ्या राहिल्या आणि तुम्ही एवढा बाप्या माणूस त्यांच्या मागे लपलात? आणि आता ताट सरकवून मला दुःख दाखवताय?"

गुरुवारी सकाळी मी एकटाच वस्तीत गेलो. वाटेत दोनदा मागे फिरलो, खोटं कशाला सांगू. आजी खुर्चीत होतीच.

"आजी, डबा मी भरला होता. बर्फ वाजला नव्हता. ताईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

"कशापायी?"

"फरशी ओली होऊ नये म्हणून."

"कसली फरशी?"

"माझ्या खोलीची. पांढरी आहे."

आजीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि ती बाई म्हणाली चूक माझी?"

"हो."

आजीने गल्लीत तोंड करून हाक मारली, "अगं ए, बाहेर या सगळ्या! याची फरशी ऐका!"

बायका येत गेल्या आणि प्रत्येक वेळी आजी म्हणायची, "सांग परत." मी सहा वेळा सांगितलं. पहिल्यांदा मॅडमची तपासणी, घड्याळ, घाई, सगळं सविस्तर होतं. सहाव्यांदा एवढंच उरलं, "फरशी जपायला खोटं बोललो." कुणीतरी खुदकन हसलं. एक म्हातारी तर डोळे पुसत हसली. जुळ्यांची आई मात्र दारात उभी होती, ती हसली नाही. ती आत गेली.

"मंगळवारी बर्फ इथे आण," आजीने हुकूम सोडला. "दगड असतानाच आण. डबा आमच्यासमोर भर. तो वाजतो कसा, ते आम्हाला ऐकायचंय."

केंद्रात येऊन मी हे ताईंना सांगितलं. "तुम्हाला कुणी जायला सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं. "खाली सांडू नका," मी म्हणालो, "आत्ताच पुसलीय." त्या हसल्या, आणि मलाच रडू आलं.

मंगळवारी आम्ही नऊला वस्तीत पोचलो. एका डब्यात गार पाण्याच्या पॅकमध्ये लस, आणि दुसऱ्या खोक्यात दगडासारखा बर्फ. बर्फ मांडायला टेबल नव्हतं. आजी उठली. काठीवर भार टाकून उभी राहिली आणि तिने खुर्चीकडे बोट दाखवलं. ती खुर्ची रिकामी झालेली वस्तीने कधी बघितली नव्हती. मी चार पॅक खुर्चीत मांडले, आणि अख्खी गल्ली त्यांच्याकडे बघत बसली.

दहा मिनिटं गेली. आजीने एक पॅक उचलून कानाशी हलवला. "वाजत नाही." वीस मिनिटं गेली. "नाहीच." पोरं पॅकवरच्या घामाला बोट लावून बघत होती. खुर्चीखाली पाणी जमलं. ते बघून पहिल्यांदाच माझा हात फडक्याकडे गेला नाही.

तेवढ्यात मोठ्या मॅडमची गाडी आली. मॅडम उतरल्या, घड्याळ बघितलं, म्हणाल्या, "अजून सुरू नाही केलंत? काय चाललंय काय?"

"थांबा, बाई," आजी म्हणाली. "बर्फ वाजला नाही अजून."

मॅडमनी ताईंकडे बघितलं. ताई बर्फाकडे बघत होत्या. मॅडम खोक्यावर बसल्या.

नऊ बेचाळीसला आजीने पॅक हलवला आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने परत हलवला. "वाजतोय!" बाळंतिणीच्या खोलीतून बाळाचं पहिलं रडणं ऐकू यावं तशी सगळी गल्ली एकदम बोलायला लागली. पॅक या कानावरून त्या कानावर फिरला. मॅडमनीसुद्धा कानाला लावला. मग मी सर्वांसमोर डबा भरला, आणि आजीने आपल्या मोठ्या झालेल्या नातवाला, ज्याचा दंड एकेकाळी सुजला होता, पुढे ढकललं. त्याच्या कडेवर त्याची धाकटी बहीण होती. "पहिली ही," आजी म्हणाली. "टोच."

मग रांग लागली. दहा, वीस, तीस. कार्डं परत केलेल्या चौघीही आल्या, खाली मान घालून. ताईंनी एक शब्द विचारला नाही, फक्त कार्डं काढून दिली. आणि मग गल्लीच्या टोकाकडून ती चार घरं आली. जी सात वर्षांत आली नव्हती ती. प्रत्येकाचं एकेक मूल. त्यातला एक बाप मला म्हणाला, "चूक झाली म्हणून सांगायला सरकारी माणूस घरी आलेला आम्ही कधी बघितला नव्हता. म्हटलं, बघून येऊ."

साडेबाराला मी रजिस्टर मोजलं. जुनी छत्तीस, नवी चार. अडतीसमधली दोन राहिली होती. ती दोन कोणती, हे सगळ्यांना माहीत होतं. वस्तीतल्या एका बाईने हाक मारायला तोंड उघडलं, तर ताईंनी हाताने गप्प केलं.

"आवरूया का?" मी विचारलं.

"थांबा."

ऊन डोक्यावर आलं होतं. मॅडम गेल्या नव्हत्या, त्याही बसून होत्या. एक वाजायला आला तेव्हा गल्लीतलं एक दार उघडलं आणि जुळ्यांची आई आली, दोन कडेवर दोन. ताईंकडे न बघता तिने मला विचारलं, "कुठाय तुझा बर्फ?"

मी डबा उघडला. तिने एक मूल आजीकडे दिलं आणि चारही पॅक एकेक करून कानाशी हलवले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग तिने दुसरं मूल ताईंसमोर धरलं.

दोघंही जोरात रडली. एवढं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"कार्डं नाहीत माझ्याकडे," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी मी तुम्हाला…"

ताईंनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून दोन कार्डं काढली. एका प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली, एकाही कोपऱ्याला मुरड नव्हती. "तूच म्हणाली होतीस ना, तुम्हीच ठेवा," ताई म्हणाल्या. "म्हणून ठेवली."

तिने कार्डं घेतली आणि ताईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आजीने तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग माझ्याही पाठीवर, तीही अशी की मी पुढे कलंडलो. मी रजिस्टरमध्ये शेवटच्या दोन खुणा केल्या. बेचाळीस. मॅडमनी ते पान दोनदा बघितलं आणि भुवई वर केली, पण या वेळी मी बसल्या जागचा उठलो नाही. त्या वर्षी डांग्या खोकल्याने आमच्या सगळ्या भागात सोळा पोरं धरली. वस्तीतलं एकही नाही.

आता वस्तीत मंगळवारी आधी आईने बर्फ ऐकायचा आणि मग मुलाचा दंड पुढे करायचा, असा रिवाजच पडलाय. आजी थकली, पण खुर्ची तिचीच आहे. निरोपसमारंभाला येणार आहे म्हणे, आणि तिच्या तोंडी 'मनमिळाऊ' हा शब्द येणार नाही याची मला खात्री आहे.

ताईंच्या जागी येणारी नवी सिस्टर कालच रुजू झाली. चुणचुणीत पोरगी, पायाला चाकं लावल्यासारखी. सकाळी माझ्या दारात आली. "भाऊ, डबा झाला?" टेबलावर पॅक मांडलेले, खाली फरशीवर पाणी चाललेलं. मी एक पॅक उचलून तिच्या कानाशी धरला आणि हलवला.

"काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"मग थांबा," मी म्हणालो, आणि फडकं बाजूला ठेवून तिच्यासाठी ताईंचं स्टूल पुढे सरकवलं.